रोमन ब्राँझ नाणी: चित्र वाचत संग्रह कसा करावा

रोमन साम्राज्याचे ब्राँझचे नाणे पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची बहुधा थोडी निराशा होते. पुस्तकातले मोठे छायाचित्र पाहून त्याने काहीतरी भव्य कल्पिलेले असते आणि तळहातावर येते ती आपल्या रुपयाच्या नाण्याहूनही लहान, काळपट हिरवी, ओबडधोबड कडेची चकती. अशा वेळी घाई न करता ती खिडकीपाशी न्यावी, उजेड एका बाजूने तिरपा पडेल अशी धरावी आणि सावकाश फिरवत राहावी. एका ठरावीक कोनात आधी मुकुटाचे मणी दिसू लागतात, मग नाक आणि हनुवटी, मग कडेची अक्षरे. आणि नाणे उलटले की भाला रोवलेला शिपाई किंवा पंख पसरलेली विजयदेवता झिजलेल्या धातूतून वर येते. या छंदाचा खरा आनंद इथे सुरू होतो. नाणी किती जमली यापेक्षा हातातले नाणे आपल्याला वाचता आले का, हा प्रश्न जो स्वतःला विचारत राहतो त्याचा संग्रह थोडक्या पैशांतही समृद्ध होतो, असा माझा अनुभव आहे.

कोणत्या नाण्यांपासून आरंभ करावा

‘ब्राँझ’ हा शब्द संग्राहक बराच सैल वापरतात. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने इ.स.पू. २३ च्या सुमारास चलनाची जी घडी बसवली तिच्यात सेस्टर्शियस आणि डुपाँडियस ही नाणी पितळेची होती, तर अ‍ॅस तांब्याचे होते. चार सेस्टर्शियस किंवा सोळा अ‍ॅस मिळून चांदीचा एक डिनेरियस होत असे. सेस्टर्शियसचे वजन सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या तीन नाण्यांपेक्षा थोडे जास्त, आणि त्याचा विस्तार एवढा की कोरणाऱ्या कारागिराला अख्खी इमारत मांडायलाही जागा मिळे. भारत दर वर्षी साम्राज्यातून किमान पाच कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो, अशी तक्रार थोरला प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. तो हिशेब याच नाण्यांतला आहे, जरी प्रत्यक्षात त्या काळी आपल्याकडे आले ते मुख्यतः सोने आणि चांदी.

डुपाँडियस आणि अ‍ॅस आकाराने जवळजवळ सारखे असल्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. पितळ आणि तांबे यांच्या रंगातला फरक हिरव्या थराखाली झाकला गेलेला असतो. अशा वेळी सम्राटाच्या डोक्याकडे पाहावे: नीरोच्या काळापासून डुपाँडियसवर बहुधा सूर्यकिरणांसारख्या टोकांचा मुकुट आढळतो आणि अ‍ॅसवर लॉरेलच्या पानांचा. हा नियम सर्वत्र पाळलेला नाही, पण दहातल्या बहुतेक वेळा तो उपयोगी पडतो.

तिसऱ्या शतकात महागाईने ही सगळी व्यवस्था मोडली. इ.स. २९४ च्या सुमारास सम्राट डायोक्लेशनने सुमारे दहा ग्रॅमचे, किंचित चांदी मिसळलेले ब्राँझचे नवे मोठे नाणे काढले आणि पुढल्या काही दशकांत तेही झपाट्याने लहान होत गेले. नवीन संग्राहकाने माझ्या मते याच चौथ्या शतकापासून आरंभ करावा. ही नाणी अमाप पाडली गेली आणि तितकीच जमिनीत राहिली, त्यामुळे सामान्य प्रतीचे, पण दोन्ही बाजू वाचता येणारे नाणे आजही दोन-तीन हजार रुपयांच्या आत मिळू शकते. शिवाय एकच चित्र अनेक टांकसाळींत, अनेक वर्षे पाडले गेल्यामुळे तुलना करत शिकण्याची सोय होते. सेस्टर्शियस पाहायला देखणे खरे; पण चांगल्या प्रतीचे सेस्टर्शियस महाग असतात आणि नकली किंवा डागडुजी केलेली नाणी त्यांच्यातच सर्वाधिक सापडतात, म्हणून त्यांच्याकडे डोळा तयार झाल्यावर वळावे.

दर्शनी बाजू: नाव आणि बिरुदे

दर्शनी बाजूवर बहुधा सम्राटाचा किंवा त्याच्या कुटुंबातल्या कुणाचा तरी चेहरा असतो आणि त्याभोवती लॅटिन लेख असतो. लेख सहसा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आणि शब्दांमध्ये जागा नसते. त्या लिपीत ‘यू’ हे वेगळे अक्षर नव्हते, त्याच्या जागी ‘व्ही’ कोरत, हे ध्यानात ठेवले म्हणजे ‘ऑगस्टस’ या सम्राटपदवीचे संक्षिप्त रूप ‘ए व्ही जी’ असे का दिसते ते उलगडते. आपल्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढ्याच अक्षरांत राजाची ओळख पुरी होते; रोमन सम्राट मात्र पदव्यांची रांगच लावतात. ‘आय एम पी’ म्हणजे सेनाधिपती, ‘पी एम’ म्हणजे प्रधान पुरोहित, ‘पी पी’ म्हणजे राष्ट्रपिता. ‘टी आर पी’ ही अक्षरे लोकाधिकाऱ्याची सत्ता दाखवतात आणि ती सत्ता दर वर्षी नव्याने मोजली जात असल्यामुळे तिच्यापुढचा आकडा वाचता आला तर नाण्याचे वर्षच हाती येते.

चौथ्या शतकात ही रांग आखडते. ‘डी एन’ म्हणजे आमचे स्वामी, मग नाव, मग ‘पी एफ ए व्ही जी’, म्हणजे धर्मनिष्ठ, भाग्यशाली ऑगस्टस. युवराजाच्या नाण्यावर ‘एन ओ बी सी’ असे येते, म्हणजे अत्यंत कुलीन सीझर. अक्षरे अर्धी झिजली असली तरी मुकुट पाहावा. पानांच्या मुकुटाच्या जागी मोत्यांची किंवा रत्नांची पट्टी दिसली तर नाणे कॉन्स्टंटाइनच्या उत्तरकाळातले किंवा त्यानंतरचे समजावे. या काळात चेहरे एकमेकांसारखे कोरले जाऊ लागतात, त्यामुळे केवळ नाकाडोळ्यांवरून सम्राट ओळखण्याचा प्रयत्न करू नये. नावातली तीन-चार अक्षरे सापडेपर्यंत थांबावे. कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टॅन्शियस आणि कॉन्स्टन्स ही बाप-लेकांची नावे आरंभी एकच आहेत आणि खरा निवाडा शेवटच्या अक्षरांवरच होतो.

मागील बाजू: चेहरा नव्हे, हात पाहावा

आपल्याकडे देवळातली मूर्ती ओळखताना आपण चेहरा पाहत नाही, आयुधे पाहतो. शंख-चक्र दिसले की विष्णू, परशू दिसला की परशुराम, पायाशी मोर असला की कार्तिकेय. रोमन नाण्यांच्या मागील बाजूला हीच दृष्टी अगदी चपखल लागू पडते आणि मूर्तिशास्त्राची थोडीबहुत सवय असलेला मराठी वाचक इथे लवकर रुळतो. त्या बाजूला उभ्या असलेल्या बहुतेक स्त्रिया म्हणजे मूर्त रूप दिलेले गुण किंवा भाग्ये आहेत आणि त्यांचे पोशाख सारखेच असले तरी हातातल्या वस्तू ठरलेल्या आहेत.

फोर्तुना, म्हणजे भाग्यदेवता, एका हाताने सुकाणू धरते आणि दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेले समृद्धीचे शिंग घेते. कधी तिच्याजवळ चाकही असते. तराजू दिसला तर ती एक्विटास, म्हणजे न्याय्य व्यवहार, किंवा मोनेटा, म्हणजे टांकसाळीची देवता; या दोघींचा फरक मात्र लेखावरूनच कळतो. अन्नोना ही धान्यपुरवठ्याची देवता. तिच्या हातात कणसे, पायाशी धान्याचे माप आणि पुष्कळदा जहाजाची नाळ असते, कारण रोमचे पोट इजिप्त आणि आफ्रिकेतून येणाऱ्या धान्याच्या जहाजांवर अवलंबून होते. सालूस, म्हणजे आरोग्य, वेदीभोवती वेटोळे घातलेल्या सापाला पसरट वाटीतून खाऊ घालते. स्पेस, म्हणजे आशा, एका हातात कळी धरून दुसऱ्या हाताने वस्त्राचा घोळ किंचित उचलते, जणू ती पाऊल टाकण्याच्या बेतात आहे. लिबर्तासच्या हातातली निमुळती टोपी म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाच्या डोक्यावर चढणारी टोपी. सेक्युरितास पायावर पाय टाकून खांबाला रेललेली असते. सुरक्षिततेचे इतके साधे आणि नेमके चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

मोठ्या नाण्यांवर घटनाही येतात. वेस्पेसियनच्या सेस्टर्शियसवर खजुराच्या झाडाखाली शोक करत बसलेली स्त्री म्हणजे जिंकलेला ज्यूडिया प्रांत. टायटसने इ.स. ८० मध्ये उघडलेले कलोसियम त्याच्या सेस्टर्शियसवर प्रेक्षकांसह कोरले आहे. नीरोच्या नाण्यांवर जानुसच्या मंदिराची बंद दारे दिसतात, कारण दारांचा देव असलेल्या जानुसच्या मंदिराची दारे सर्वत्र शांतता असतानाच बंद करण्याची प्रथा होती. पहिल्या दोन-अडीच शतकांतल्या अशा नाण्यांवर बहुधा ‘एस सी’ ही दोन ठसठशीत अक्षरे असतात. त्यांचा अर्थ ‘सिनेटच्या ठरावाने’.

आता चौथ्या शतकातले एक चित्र जवळून पाहू, कारण ते नवख्या संग्राहकाच्या हाती हमखास येते. इ.स. ३४८ च्या सुमारास एक नवा लेख सुरू झाला: ‘फेल टेंप रेपारातिओ’, म्हणजे सुखाचे दिवस परत आले. या लेखाखाली अनेक चित्रे पाडली गेली. एका नाण्यावर अग्नीतून पुन्हा जन्मणारा फिनिक्स पक्षी आहे, दुसऱ्यावर नावेत उभा सम्राट आहे, तिसऱ्यावर झाडाखालच्या झोपडीतून एका छोट्या आकृतीला हाताला धरून बाहेर आणणारा शिपाई आहे. परंतु सर्वाधिक आढळते ते पडणाऱ्या घोडेस्वाराचे. शिरस्त्राण घातलेला रोमन शिपाई, डाव्या हातात ढाल, उजव्या हाताने खाली खुपसलेला भाला. त्याच्यासमोर गुडघे मोडून कोसळणारा घोडा, त्याच्यावरचा शत्रू आणि बहुधा जमिनीवर पडलेली त्याची ढाल. झिजलेल्या नाण्यावर ही सगळी गर्दी एक ढिगाऱ्यासारखी दिसते. तिथे आधी भाल्याची तिरपी रेघ शोधावी, तिच्या खालच्या टोकाशी शत्रू सापडतो आणि मग घोड्याची मान आपोआप उमगते.

हा घोडेस्वार सर्वत्र एकाच पवित्र्यात नसतो. काही नाण्यांवर तो घोड्याच्या मानेला मिठी मारतो, काहींवर मागे वळून शिपायाकडे हात उंचावतो, काहींवर घोड्याशेजारी गुडघ्यांवर येतो, तर काहींवर जमिनीवर बसलेला असतो. कुठे तो बोडका, कुठे टोकदार टोपीतला. कॉन्स्टॅन्शियस दुसरा याचे आयुष्य पूर्व सीमेवर सासानी राजा दुसरा शापूर याच्याशी झुंजण्यात गेले, हे लक्षात घेतले म्हणजे टोपीवाल्या स्वारात इराणी शत्रू पाहण्याचा मोह समजतो. मात्र प्रत्येक टांकसाळीच्या कारागिराने आपल्या ओळखीचा शत्रू कोरला असावा, असे मला अनेक नाणी शेजारी ठेवून पाहिल्यावर वाटते. हेच नाणे सुरुवातीला मोठे आणि जड आहे आणि पुढे इतके आक्रसते की शत्रू आणि घोडा मिळून शिपायाच्या पायाशी कोंबलेले दिसतात. ब्रिटन आणि गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, त्याच्या ओबडधोबड स्थानिक नकला निघाल्या, ज्यांवरची अक्षरे नुसत्या उभ्या रेघा आहेत. त्या काळातल्या या नकलाही आज संग्रहणीय आहेत आणि मला त्या विशेष प्रिय आहेत, कारण अक्षरओळख नसलेल्या हातानेही शिपायाचा आवेश चुकवलेला नाही. एवढ्या एका चित्राचा पाठपुरावा करूनही वीस-पंचवीस नाण्यांचा भरीव संग्रह होऊ शकतो.

दुसरी सुरुवात कॉन्स्टंटाइनच्या नव्या राजधानीपासून करता येईल. ११ मे ३३० रोजी कॉन्स्टंटिनोपलची प्रतिष्ठापना झाली आणि त्या सुमारास दोन जोडनाणी निघाली. एकावर शिरस्त्राण घातलेली रोमा आणि मागे रोम्युलस-रीमस या जुळ्यांना दूध पाजणारी लांडगी, वर दोन तारे; दुसऱ्यावर नव्या नगरीची देवता आणि मागे जहाजाच्या नाळेवर उभी पंखवाली विजयदेवता. याच काळातल्या ‘ग्लोरिया एक्सेर्कितुस’, म्हणजे सैन्याचा गौरव, या नाण्यांवर दोन शिपाई समोरासमोर उभे असतात. इ.स. ३३० पासून त्यांच्यामध्ये दोन ध्वज आहेत. ३३५ च्या सुमारास वजन घटले, नाणे लहान झाले आणि ध्वज एकच उरला. म्हणजे ध्वज मोजले तरी पाच-सहा वर्षांच्या अंतराने नाण्याचा काळ सांगता येतो आणि साम्राज्याच्या तिजोरीची ओढाताणही कळते. कॉन्स्टंटाइनच्या निधनानंतर, ३३७ पासून पुढे काही वर्षे, त्याचे मस्तक वस्त्राने झाकलेले एक चिमुकले नाणे पाडले गेले. त्याच्या मागे तो चार घोड्यांच्या रथातून वर निघाला आहे आणि आकाशातून एक हात त्याला घ्यायला खाली आला आहे. दीड-दोन दशके आधीपर्यंत सूर्यदेवाला आपला सोबती म्हणवणाऱ्या नाण्यांची सवय असलेल्या लोकांनी या हाताचा अर्थ कसा लावला असेल, याचा विचार ते नाणे हातात असताना दर वेळी मनात येतो.

टांकसाळीची खूण

मागील चित्राच्या तळाशी एक आडवी रेघ असते आणि तिच्याखाली चार-पाच अक्षरे. इथे टांकसाळ आणि तिच्यातला विभाग नोंदलेला असतो. ‘एस एम के ए’ हे उदाहरण घ्या: पहिली दोन अक्षरे म्हणजे ‘पवित्र चलन’, ‘के’ म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले सिझिकस आणि शेवटचे अक्षर म्हणजे ग्रीक अल्फा, अर्थात पहिला विभाग. पूर्वेकडच्या टांकसाळी विभागांसाठी ग्रीक अक्षरे वापरतात, तर पश्चिमेकडच्या बहुधा ‘पी’, ‘एस’, ‘टी’, ‘क्यू’, म्हणजे लॅटिनमधले पहिला, दुसरा, तिसरा, चौथा यांची आद्याक्षरे. ‘टी आर’ म्हणजे ट्रियर, ‘ए एन’ म्हणजे अँटिओक, ‘ए एल ई’ म्हणजे अलेक्झांड्रिया, ‘एस आय एस’ म्हणजे आजच्या क्रोएशियातले सिसिया. ‘एल एन’ दिसले तर लंडन. ती टांकसाळ इ.स. ३२५ च्या सुमारास बंद झाल्यामुळे तिची नाणी तुलनेने कमी आहेत.

एका सापळ्याची सूचना इथे द्यायला हवी. ‘सी ओ एन एस’ दिसले की सगळे कॉन्स्टंटिनोपल म्हणून मोकळे होतात. पण फ्रान्समधल्या आर्ल या शहरालाही कॉन्स्टंटिना हे नाव दिले गेले होते आणि तिथली नाणीही ‘सी ओ एन’ किंवा ‘सी ओ एन एस टी’ अशी खूण मिरवतात. त्या अक्षरांच्या आधी ‘पी’ किंवा ‘एस’ असेल तर आर्ल आणि नंतर ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टंटिनोपल, हा ताळा करावा.

एवढे वाचून झाल्यावर नाण्याचा नेमका प्रकार शोधण्यासाठी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ‘ओक्रे’ ही विनामूल्य ऑनलाइन सूची वापरावी. तिच्यात सम्राट, टांकसाळ आणि मागील बाजूचा लेख निवडला की जुळणारे प्रकार संग्रहालयांतल्या छायाचित्रांसह समोर येतात आणि ‘आरआयसी’ या प्रमाण ग्रंथमालेतला क्रमांकही मिळतो. संग्राहक आणि विक्रेते जगभर याच क्रमांकाने बोलतात.

खरेदी, पारख आणि कागद

नकली नाण्यांपैकी बरीच ओतीव असतात, तर अस्सल रोमन नाणी जवळजवळ सगळी ठोकून पाडलेली आहेत: तापवलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याचा घाव घातलेली. ओतीव नाण्याच्या कडेवर दोन अर्धे जुळल्याची रेघ किंवा ती घासून काढल्याचा माग दिसतो, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे असतात आणि अक्षरांच्या कडा साबण झिजल्यासारख्या बोथट असतात. ठोकलेल्या नाण्यात धातू बाहेर पसरल्याच्या रेषा अक्षरांपासून कडेकडे जाताना दिसतात आणि कडा पुष्कळदा चिरलेली असते. ही चीर दोष नव्हे, ती घावाची साक्ष आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा या दोन वस्तू पहिल्या नाण्याआधी घ्याव्यात.

त्याहून फसवा प्रकार म्हणजे अस्सल पण झिजलेल्या सेस्टर्शियसवर केस, वस्त्राच्या चुण्या किंवा अक्षरे नव्याने कोरणे. ज्या नाण्याची उंच जागा गुळगुळीत झिजली आहे आणि खोलगट रेघा मात्र धारदार आहेत, त्याच्याकडे संशयाने पाहावे. सोळाव्या शतकात पाडुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनो याने सेस्टर्शियससारखी सुरेख पदके घडवली. ती ‘पाडुअन’ म्हणून ओळखली जातात आणि आज त्यांना स्वतंत्र मोल असले तरी ती रोमन नाणी नव्हेत.

नवीन संग्राहकांना मातीने माखलेल्या, न धुतलेल्या नाण्यांचे घाऊक लॉट फार खुणावतात. मातीतून सम्राट बाहेर काढण्याची कल्पना रम्य आहे, हे मी मान्य करतो. परंतु अशा लॉटमधली नाणी बहुधा कुठून आली ते कुणीच सांगत नाही आणि त्यांतली पुष्कळशी बेकायदा उकरलेल्या स्थळांवरून आलेली असण्याची शक्यता असते. म्हणून ती घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. उकरण्याने काय हरवते हे इंग्लंडमधल्या फ्रोम येथील निधीवरून कळते. २०१० साली सॉमरसेट परगण्यात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला मडक्याची कड लागली आणि त्याने खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी ते मडके थराथराने रिकामे केले. त्यात ५२,५०३ नाणी निघाली आणि त्यांतली सर्वांत उशिराची, कराउसियस या सम्राटाची नाणी मुख्यतः खालच्या अर्ध्या भागात होती. म्हणजे वर्षानुवर्षे टाकत जाऊन ते भरलेले नव्हते, एकदाच भरले होते. उत्साहाच्या भरात त्या माणसाने मडके तिथेच उपसले असते तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण ही गोष्ट कायमची गेली असती.

म्हणून विक्रेत्याकडून लेखी पावती घ्यावी, तीत नाण्याचे वर्णन, वजन आणि ते आधी कोणत्या संग्रहात किंवा लिलावात होते हे नोंदवून घ्यावे आणि नकली निघाल्यास कितीही काळाने पैसे परत देण्याची हमी देणाऱ्याकडूनच घ्यावे. तुर्कस्तानासारख्या देशांत सहलीला गेल्यावर अवशेषांपाशी कुणी खिशातून नाणे काढून दाखवले तर सरळ पुढे चालावे. तिथून प्राचीन वस्तू बाहेर नेणे गुन्हा आहे.

भारतातही कायदा माहीत असायला हवा. तमिळनाडूत करूर, मदुराई या भागांत चौथ्या-पाचव्या शतकांतली रोमन तांब्याची नाणी खरोखरच सापडली आहेत आणि श्रीलंकेत तर मोठ्या संख्येने. जमिनीत असे काही सापडल्यास, त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून नाणे मागवणाऱ्याने सीमाशुल्काचे त्या वेळचे नियम पाहून घ्यावेत आणि पारख मागवण्यापूर्वीच करावी, कारण आलेले नाणे परत धाडणे सोपे नाही.

साफसफाई आणि जपणूक

माझ्या संग्रहातले पहिले नाणे सम्राट व्हॅलेन्सचे होते, मागे डावीकडे निघालेली विजयदेवता. घरातली तांब्याची भांडी जशी चिंचेने लखलखीत होतात तसे ते करावे म्हणून मी त्याला चिंचेचा कोळ लावून घासले. हिरवा थर पाण्यातून वाहून गेला, खाली गुलाबी, खडबडीत धातू उघडा पडला आणि देवतेचा पंख नाहीसा झाला. मला तेव्हा ठाऊक नव्हते की शेकडो वर्षांत धातूचा वरचा पापुद्राच त्या थरात रूपांतरित झालेला असतो आणि कोरीवकामाचे बारकावे पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतात. ते नाणे मी अजून ठेवले आहे. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, तारेचा ब्रश यांपैकी काहीही प्राचीन नाण्याला लावू नये.

माती काढायचीच असेल तर नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवावे, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे आणि अधूनमधून मऊ ब्रशने किंवा ओल्या लाकडी टूथपिकने भिंगाखाली हलक्या हाताने काम करावे. आठवडे लागतात. घट्ट बसलेला गोटा हलला नाही तर तो राहू द्यावा. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातला क्लोरिन जिथे नको तिथे पोचतो.

क्लोराइडची भीती पोकळ नाही. नाण्याच्या खोलगट जागी फिकट हिरवी, टाचणीने सहज निघणारी भुकटी दिसली तर तो ‘ब्राँझ डिसीझ’ समजावा. धातूत अडकलेले क्लोराइड ओलावा आणि हवेशी संयोग पावते, आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते आणि हे चक्र नाणे पोखरेपर्यंत चालते. निरोगी हिरवा थर कठीण आणि एकसंध असतो. हा रोग पावडरीसारखा सुटा असतो. असे नाणे वेगळे काढून भुकटी कोरून काढावी, डिस्टिल्ड वॉटर सतत बदलत कित्येक आठवडे भिजवावे, रोग जुना असेल तर सोडियम सेस्क्विकार्बोनेटचे पातळ द्रावण वापरावे, मग नाणे उबेत पूर्ण वाळवून त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात फिरवावा. पुढे काही महिने ते नजरेखाली ठेवावे.

साठवणीसाठी मऊ, तकतकीत पीव्हीसीची पाकिटे टाळावीत. त्यांतून सुटणारा चिकट द्रव नाण्याला हिरवट मेणचट करतो. पीव्हीसी नसलेली पाकिटे किंवा लाकडाऐवजी आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या घ्याव्यात. प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी असावी आणि तिच्यावर सम्राट, टांकसाळ, काळ, आरआयसी क्रमांक, व्यास, वजन, दोन्ही बाजूंच्या ठशांचा परस्पर कोन घड्याळाच्या तासांत, विक्रेता आणि खरेदीची तारीख लिहावी. नाणे नेहमी कडेने धरावे आणि खाली मऊ कापड पसरलेले असावे.

मुंबई, कोकण आणि गोवा इथे राहणाऱ्यांना पावसाळा हीच मोठी परीक्षा असते. जून लागण्यापूर्वी घट्ट झाकणाच्या डब्यांत पेट्या ठेवून सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४० टक्क्यांच्या वर सरकू लागला की पुड्या काढून तापवून कोरड्या कराव्यात आणि परत ठेवाव्यात. आश्विनात ऊन पडू लागले की एका कोरड्या सकाळी सगळी नाणी बाहेर काढून भिंगाखाली एकेक तपासावीत, विशेषतः अक्षरांच्या कोपऱ्यांत आणि त्या घोडेस्वाराच्या ढालीखाली, जिथे फिकट हिरवा ठिपका सर्वांत आधी डोके काढतो.